माणसे तीच, नाते नवे : ‘प्रभात’ने नवनिर्मिती कशी जोपासली?

१/ १ जून १९२९. कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चौघे एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. सहकाऱ्यांकडून नवे काही घडावे असे वाटणाऱ्या प्रत्येक प्रमुखाने हा इतिहास वाचायला हवा. 🧵

२/ ते गुरू म्हणजे बाबूराव पेंटर. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो स्वतःच घडवायचा, असा ध्यास आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी घेतला. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला.

३/ ही कंपनी म्हणजे एक कार्यशाळाच होती. पडेल ते काम करत शिकलेले शांताराम ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) शेतकऱ्याच्या भूमिकेत दिसले आणि ‘नेताजी पालकर’पर्यंत (१९२७) दिग्दर्शक झाले. दामले-फत्तेलाल यांनाही १९२८ मध्ये ‘कर्ण’ दिग्दर्शित करण्याची संधी मिळाली. यंत्राला हात लावू देणे आणि नेमल्या कामाची वेस ओलांडू देणे, ही नवनिर्मितीची पहिली अट बाबूरावांनी पुरी केली.

४/ तरीही १९२९ मध्ये हे शिष्य बाहेर पडले. बाबूरावांनी विद्या दिली, संधीही दिली. पण कंपनीवर मुद्रा एकाच प्रतिभेची राहिली. शिष्य कितीही तयार झाला तरी त्या छायेत तो शिष्यच राहणार होता. अनेक कर्तबगार प्रमुखांचे घोडे येथेच अडते. ते माणसे घडवतात. मात्र घडलेल्या माणसाला बरोबरीची जागा देत नाहीत.

५/ ‘प्रभात’मध्ये ते भागीदार होते. दिग्दर्शनात शांताराम, कलाविभागात फत्तेलाल, तांत्रिक बाजूला दामले, छायाचित्रणात धायबर. मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि तोवर मूकपटच काढलेल्या या कंपनीपुढे अगदी नवे तंत्र उभे राहिले. फेब्रुवारी १९३२ मध्ये ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला.

६/ खरी कसोटी १९३६ मध्ये लागली. शांताराम कीर्तीच्या शिखरावर असताना ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शन ध्वनी सांभाळणाऱ्या दामल्यांनी आणि नेपथ्य उभारणाऱ्या फत्तेलालांनी केले. शांतारामांच्या भव्य शैलीची नक्कल त्यात नाही. आहे तो साधेपणा. तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस आणि जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत तो वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

७/ कोणी म्हणेल, ही माणसेच असामान्य होती. व्यवस्थेचे त्यात श्रेय काय? पण हीच माणसे आधीच्या कंपनीतही होती. शहरही सुरुवातीस तेच होते. पुण्याला स्थलांतर झाले ते १९३३ मध्ये. बदलले होते ते परस्परांतील नाते. बोलपटाच्या युगाने संधी दिली हे खरेच. पण त्याच युगात महाराष्ट्र फिल्म कंपनीला तग धरता आला नाही.

८/ ‘प्रभात’ही निर्दोष नव्हती. धायबर दूर झाले, १९४२ मध्ये शांतारामांनी ‘राजकमल’ उभारले, १९४५ मध्ये दामले निवर्तले. देव आनंद, गुरुदत्त यांची सुरुवात याच आवारात झाली. त्यांची प्रतिभा बहरली ती मात्र पुढे, स्वतःच्या संस्थांत. पहिल्या पिढीला एकत्र बांधणारी भागीदारी पुढच्या पिढीसाठी नव्याने मांडावी लागते. ती वारशाने मिळत नाही.

९/ आजच्या कार्यालयांत नवकल्पनांसाठी शिबिरे भरतात, सूचनापेट्या लागतात, पारितोषिके वाटली जातात. त्यांनी फार तर ‘कर्ण’पर्यंत मजल जाईल. ‘संत तुकाराम’ हवा असेल, तर प्रमुखाने आपल्या सर्वांत यशस्वी काळात मुख्य खुर्ची सहकाऱ्याला द्यावी, त्याचे नाव वर लागू द्यावे आणि फळात त्याचा वाटा ठेवावा. यांतले शेवटचे सर्वांत महाग पडते; म्हणूनच बहुतेक प्रमुख शिबिरांवर थांबतात.