इंग्रजी वाक्संप्रदाय : ‘बाइट द बुलेट’

मुलांना वाचताना ‘बाइट द बुलेट’ हा वाक्संप्रदाय अडला, की घरातील वडीलमंडळी ‘मुकाट्याने सोसणे’ असा अर्थ सांगून मोकळी होतात. आम्हांस तो अपुरा वाटतो.

बंदुकीची गोळी दातांत धरणे, हा त्याचा शब्दार्थ होय. भूल देण्याची विद्या अवगत होण्यापूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी शिपायाच्या दातांत गोळी देत, अशी उपपत्ती सांगतात. परंतु तिला भक्कम आधार नाही. फ्रान्सिस ग्रोस यांच्या ग्राम्य शब्दांच्या कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत मात्र निराळी हकीकत आहे. चाबकाचे फटके बसत असता ओरडणाऱ्या शिपायास ‘नाइटिंगेल’, म्हणजे गाणारा पक्षी, असे म्हणत. ती नामुष्की टाळण्यासाठी काही पलटणींतील शिपाई गोळी चघळीत. पुढे मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किप्लिंग यांच्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ या १८९१ च्या कादंबरीत, दृष्टी गमावलेल्या नायकास त्याचा मित्र जवळजवळ याच शब्दांनी धीर देतो.

अप्रिय परंतु अटळ गोष्ट टाळाटाळ न करता निश्चयाने पत्करणे, हा आजचा अर्थ. कर्ज फेडण्यासाठी कोणी जमीन विकली, तर ‘ही बिट द बुलेट अँड सोल्ड द लँड’ असे म्हणावे. नुसता उन्हाळा सोसणाऱ्यास तो लावू नये. तेथे निश्चय कसला? ‘द’ च्या जागी ‘अ’ घातल्यास गोळी खरोखरच चावली, असे वाटेल. ‘बाइट द डस्ट’ याच्याशीही गल्लत नको. तो आपल्या ‘माती चाटणे’ याचा सोयरा.

मराठीत ‘दातओठ खाणे’ दिसण्यात जवळचा, पण तो क्रोधाचा. ‘मूग गिळणे’ मौनाचा. ‘मन घट्ट करणे’ हाच आम्हांस योग्य पर्याय वाटतो.

एक विवेक मात्र राखावा. हा वाक्संप्रदाय स्वतःच्या निश्चयाविषयी शोभतो. सासरी गांजलेल्या सुनेस किंवा नावडत्या विद्येस जुंपलेल्या मुलास उपदेश म्हणून नव्हे. शिपायाने गोळी चघळली, यात त्याचे धैर्य दिसते. चाबकाचे समर्थन होत नाही. जे दुःख आपल्याच हातून दूर होण्याजोगे आहे, ते दुसऱ्याने सोसावे असे सांगण्यापूर्वी आपण आपल्या हातातील चाबूक खाली ठेवावा, हे बरे.