रक्तनमुन्याची साधने: खरी कसोटी कुठे लागते?

शिरेतून रक्त काढणाऱ्या साधनाचे तीन भाग असतात: शिरेत शिरणारी सुई, तिला धरणारा होल्डर किंवा सिरिंज, आणि रक्त साठवणारी नळी. या नळीला लॅबमधली माणसे ‘बल्ब’ म्हणतात. या साधनांच्या रचनेबाबत तीन मते वरचेवर मांडली जातात. सुई जितकी बारीक तितकी चांगली, हे पहिले. बोटाच्या एका थेंबात सगळे होणार असल्याने शीर शोधण्याचे दिवस संपले, हे दुसरे. हात सराईत असेल तर साधी सिरिंज पुरते, हे तिसरे. रक्त अंगातून बाहेर आले की काम झाले, हे तिन्ही मतांमागचे गृहीतक आहे आणि तेच चुकीचे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात ही चूक लगेच नजरेस येते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या या तालुक्यात अकलूजला उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगावी आरोग्य केंद्रे आहेत. हिमोग्लोबिन, साखर, मलेरिया अशा साध्या तपासण्या जवळपास होतात. पण अनेक चाचण्यांचे नमुने बाहेर पाठवावे लागतात. राज्याची ‘महालॅब’ योजना याच पद्धतीने चालते: नमुना केंद्रावर घ्यायचा आणि मोठ्या लॅबमध्ये नेऊन तपासायचा. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय माळशिरसहून शंभर किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा ठिकाणी साधनाची परीक्षा सुई टोचताना सुरू होते आणि नमुना यंत्रात गेल्यावरच संपते.

पहिले मत बारीक सुईचे. सुईच्या जाडीचा गेज-आकडा उलटा चालतो: २१ गेजची सुई बाहेरून ०.८ मिलिमीटर, तर २३ गेजची ०.६ मिलिमीटर. बारीक सुई कमी दुखते, हे खरे. पण नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळापट घटतो. संथ आलेले रक्त वाटेतच गोठू लागते. ते लवकर यावे म्हणून दट्ट्या जोरात ओढला तर तांबड्या पेशी फुटतात. या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या द्रवाच्या वीसपटीहून जास्त असते, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला या खोट्या आकड्यापायी नको ते उपचार मिळू शकतात. टोचण्याची वेदना क्षणाची असते, चुकीचा अहवाल मात्र रुग्णाच्या कागदपत्रांत राहतो. वेदना कमी करायचीच असेल, तर सुईची भिंत पातळ करणे, टोक नीट कापणे आणि पृष्ठभागावर सिलिकॉनचा थर देणे हे मार्ग आहेत. भिंत पातळ केली की बाहेरची जाडी घटते, आतली वाट मोकळी राहते. लहान मुले आणि नाजूक शिरा यांच्यासाठी २३ गेजची बटरफ्लाय सुई योग्यच आहे. पण अपवादाला नियम करण्याचे कारण नाही.

दुसरे मत अधिक मोहक आहे. एलिझाबेथ होम्स यांनी २००३ साली अमेरिकेत स्थापन केलेल्या थेरानोस कंपनीने बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात शेकडो चाचण्या करण्याचे आश्वासन दिले आणि त्यासाठी ‘नॅनोटेनर’ नावाची इवलीशी कुपी पुढे केली. २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे पत्रकार जॉन कॅरेरू यांनी दाव्यातला पोकळपणा उघड केला, २०१८ मध्ये कंपनी बंद पडली आणि २०२२ मध्ये होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. तिथे लबाडी होती म्हणून कल्पना फसली, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण अडचण थेंबातही आहे. बोटाच्या टोकाचे रक्त केशवाहिन्यांतले असते आणि त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की एकाच बोटातून लागोपाठ घेतलेल्या थेंबांत हिमोग्लोबिन आणि पेशींची संख्या यांत लक्षणीय फरक पडतो.

माळशिरसच्या शिवारात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. दिवसभर कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या बोटांची कातडी राठ झालेली असते. मोठ्या माणसाच्या बोटासाठी लॅन्सेटचे पाते अडीच मिलिमीटरहून खोल जाऊ देत नाहीत. राठ कातडीतून तेवढ्या खोलीवर थेंब नीट येत नाही. मग बोट दाबून, पिळून रक्त काढले जाते. पिळले की पेशी फुटतात, ऊतींचा द्रव जास्त मिसळतो आणि आकडा बिघडतो.

म्हणून थेंब निरुपयोगी ठरत नाही. ग्लुकोमीटर, डिजिटल हिमोग्लोबिनमापक, मलेरियाची काचपट्टी ही थेंबाचीच साधने आहेत आणि ती खेड्यांत उत्तम काम करतात. नवजात बाळाच्या टाचेचे रक्त गाळणकागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. वाळलेला ठिपका टपालानेही जातो. या सर्व ठिकाणी एका साधनाकडे नेमके एक-दोन प्रश्न असतात आणि साधन त्याच प्रश्नांसाठी बांधलेले असते. आक्षेप आहे तो एकाच थेंबावर सगळा भार टाकण्याला.

तिसरे मत सिरिंज आणि सराईत हात यांचे. सिरिंजने काढलेले रक्त बल्बमध्ये ओतावे लागते. घाईत सुई न काढताच ते बुचातून जोराने दाबले जाते आणि पेशी फुटतात. किती रक्त घालायचे हे डोळ्यांच्या अंदाजावर राहते. रक्त गोठण्याच्या चाचणीच्या निळ्या बुचाच्या बल्बमध्ये ०.३ मिलिलिटर सिट्रेट असेल तर २.७ मिलिलिटरच रक्त लागते. नऊला एक हे प्रमाण ढळले की निकाल ढळला. शिवाय उघडी सुई हातात जास्त वेळ राहते. एचआयव्ही रुग्णाची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्यास हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. सराव हवाच, पण दिवसभर रांग उपसणाऱ्या कर्मचाऱ्याचा हात पन्नासाव्या रुग्णापाशी सकाळसारखा राहत नाही. चांगल्या रचनेची गरज तिथेच पडते.

१९४९ साली अमेरिकेत जोसेफ क्लायनर यांना पेटंट मिळालेली निर्वात नळी हे या प्रश्नाचे उत्तर आहे. तिच्या सुईला दोन टोके असतात. होल्डरच्या आतले टोक रबरी आवरणात झाकलेले असते. बल्बचे बूच त्यावर दाबले की आवरण दुमडते, टोक बुचातून आत जाते आणि पोकळी ठरलेले रक्त ओढून घेते. बल्ब काढला की आवरण पुन्हा टोक झाकते आणि शिरेतली सुई न हलवता दुसरा बल्ब लावता येतो. माप पोकळी ठरवते, द्रव्य कारखान्यातूनच भरलेले येते, बुचाचा रंग चाचणी सांगतो. कोलमडणाऱ्या शिरेत हा ओढा जड जातो, तिथे सिरिंज हवी. पण तो अपवाद झाला.

निर्वात नळीही जशीच्या तशी स्वीकारून चालत नाही. तिची पोकळी कालांतराने क्षीण होते, आणि उत्पादक बहुधा २५ अंशांपर्यंतच साठवण्यास सांगतात. पत्र्याच्या छताखाली ठेवलेले खोके मे महिन्यात ही अट मोडते. जांभळ्या बुचातील ईडीटीएचा अंश दुसऱ्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटे वाढते आणि कॅल्शियम खोटे घटते. म्हणून आधी निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, जांभळा आणि शेवटी करडा हा क्रम पाळावा लागतो.

प्रवासाचा हिशेब रचनेत धरला नाही तर काय होते, हे साखरेच्या चाचणीत दिसते. साध्या बल्बमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात. ती ताशी ५ ते ७ टक्के घटते, उष्णतेत त्याहून जास्त. उपाशीपोटी साखर १३२ असलेल्या माणसाचा नमुना दोन तास वाटेत राहिला, तर ताशी ५ टक्क्यांनीही ती ११९ भरते. मधुमेहाची सीमा १२६ आहे. म्हणजे निदान वाटेतच निसटते. करड्या बुचातील फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात, कारण ते साखर जाळणाऱ्या साखळीच्या शेवटाकडे अडथळा आणते. सिट्रेटचे आम्लधर्मी मिश्रण सुरुवातीलाच साखळी तोडते. दूरच्या केंद्रासाठी कोणता बल्ब हवा, हे यावरून ठरते.

पोटॅशियम आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्यांसाठी जेलचा बल्ब आणि केंद्रावरच सेंट्रिफ्यूज हवा. यंत्रात फिरवल्यावर जेल पेशी आणि सीरम यांच्यामध्ये थर धरते आणि पुढच्या प्रवासात नमुना बिघडत नाही. न फिरवलेले रक्त नुसते थंड ठेवले तर पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपते. बर्फाला थेट टेकून गोठले तर पेशी फुटतात. लेबलही साधनाचाच भाग आहे: थंड डब्यातून काढलेल्या बल्बवर दव धरते आणि शाई पसरली की उत्तम नमुनाही निनावी होतो.

रक्त कमी घेण्याची मागणी मात्र रास्त आहे आणि तिला थेंबापर्यंत जाण्याची गरज नाही. कॅनडातील २५ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी रक्त ओढणारे बल्ब वापरूनही चाचणीला रक्त अपुरे पडण्याचे प्रमाण नगण्य राहिले. किलोभर वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळात एकूण रक्तच ऐंशी-नव्वद मिलिलिटर असते. तिथे प्रत्येक मिलिलिटर मोजावाच लागतो.

तेव्हा निकष असा ठरतो: जिथे निकाल जागीच वाचायचा तिथे थेंब, जिथे नमुना प्रवासाला निघणार तिथे शिरेचे रक्त, पुरेशी रुंद वाट असलेली सुई, कमी रक्त ओढणारा निर्वात बल्ब आणि एका हाताने झाकता येणारे टोक. खरेदीच्या निविदेत सुईच्या दरासोबत साठवणीचे तापमान, मुदत, बल्बमधील द्रव्य आणि ओल्यातही टिकणारे लेबल यांच्या अटी हव्यात. सर्वांत कमी दर एवढाच निकष ठेवला, तर वाचलेला पैसा चाचणी पुन्हा करण्यात जातो आणि रुग्णाला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागते.