हात गेल्यावर, आणि हात जाण्यापूर्वी

रांजणगाव शेणपुंजीच्या एका भाड्याच्या खोलीत परवा एका तरुण कामगाराशी बोलणे झाले. पॉवर प्रेसमध्ये वाकडा बसलेला पत्रा सरळ करावा म्हणून त्याने दोन्ही हात आत घातले आणि त्याच क्षणी प्रेस खाली आली. मनगटाच्या वर चार बोटांच्या अंतरावर त्याचे दोन्ही हात आता संपतात. पत्नी त्याला बशीने चहा पाजत होती. तो म्हणाला, “काका, मुंबईला मेलेल्या माणसाचे हात जोडून देतात म्हणे. आपलं जमेल का?”

या प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर देऊन उठणे सोपे होते. तथापि वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथे काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागणार आहे, म्हणून त्याचा विचार नीट व्हावयास हवा.

त्याने ऐकले ते खोटे नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल आणि फलाट यांमधल्या फटीत पडून एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचे दोन्ही हात गेले. सहा वर्षे तिने कृत्रिम हातांवर काढली. ऑगस्ट २०२० मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने, चेन्नईहून विमानाने आणलेले हात तिला जोडले. त्याआधी २०१७ मध्ये पुण्याच्या, बसच्या अपघातात हात गमावलेल्या एका तरुणीवर कोचीच्या अमृता रुग्णालयात अशीच शस्त्रक्रिया झाली होती. देशातले असे पहिले प्रत्यारोपण २०१५ च्या जानेवारीत याच रुग्णालयात झाले. पुढे मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयानेही दोन्ही हातांचे प्रत्यारोपण करून दाखविले. ही शेवटची गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवावी. धनिकांच्या रुग्णालयांतच हे विज्ञान नांदू शकते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

परंतु वर्तमानपत्रांचा ‘चमत्कार’ शस्त्रक्रियेच्या टेबलावर संपतो आणि रोग्याचे खरे काम तेथून सुरू होते. जोडलेल्या हातात मज्जातंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतात. आपल्या मित्राच्या बोटांच्या टोकापर्यंत संवेदना पोहोचावयास त्या हिशेबाने बरेच महिने लागतील, आणि तोवर रोजचा व्यायाम चुकवून चालणार नाही. त्याहून मोठी अट औषधांची. परका हात शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांनी मूत्रपिंडे बिघडू शकतात, मधुमेह जडू शकतो, जंतुसंसर्गाचा आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. मूत्रपिंड किंवा यकृत यांसाठी हा धोका माणूस जीव वाचविण्याकरिता पत्करतो. हातावाचून मात्र कोणी मरत नाही. फ्रान्समध्ये लियाँ येथे १९९८ साली ज्याला हात जोडला गेला त्याने औषधे सोडली, आणि २००१ मध्ये तो हात काढावा लागला. चीनमधील सुरुवातीच्या रुग्णांपैकी अनेकांचे जोडलेले हात औषधांत खंड पडल्यामुळे गेले. बारा तासांच्या पाळीवर कंत्राटदाराकडे राबणाऱ्या घरात दरमहा हजारो रुपयांची औषधे कोण पुरविणार? शस्त्रक्रिया फुकट आणि औषध विकत, अशी व्यवस्था म्हणजे उधार दिलेला हात परत मागणे होय.

मग कृत्रिम हात? येथे आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. एक हात गेलेला माणूस बहुतेक कामे उरलेल्या हाताने करतो आणि कृत्रिम हात पुष्कळदा खुंटीला टांगतो. दोन्ही गेलेल्याला तशी मुभा नाही. घास, बटण, शौच, दाराची कडी, सगळ्याला दुसरा माणूस लागतो. रबरी पंजा दिसावयास बरा असतो, पण हळदीने पिवळा पडतो आणि काम काही करीत नाही. खांद्याच्या पट्ट्यांनी व तारेने उघडमीट होणारा लोखंडी आकडा दिसावयास ओबडधोबड, परंतु डबा उचलतो, पिशवी धरतो. विजेवर चालणाऱ्या हाताची किंमत लाखांत जाते. कोपराच्या खालचा भाग शाबूत असलेल्यांना रोटरीच्या शिबिरांतून ‘एलएन-४’ नावाचा साधा हात मोफत मिळतो. त्याने लेखणी आणि चमचा धरता येतो. सैनिकांसाठी १९४४ मध्ये उभे राहिलेले पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र तर आपल्याच राज्यात आहे. याखेरीज क्रुकेनबर्ग नावाची एक जुनी शस्त्रक्रिया आहे. तीत कोपराखालची दोन हाडे चिमट्यासारखी वेगळी केली जातात. हा चिमटा बघवत नाही हे खरे, परंतु त्याला स्वतःच्या कातडीचा स्पर्श असतो आणि औषध लागत नाही. सर्व कृत्रिम हातांत नेमका हा स्पर्शच नसतो. डोळ्यांनी पाहिल्यावाचून काय धरले ते कळत नाही आणि अंधारात तो हात निरुपयोगी. आमचा मित्र म्हणाला होता, “पोराला ताप आलाय का, ते कपाळाला हात लावून बघायचंय.” त्याचे हे मागणे कोणताही आकडा पुरे करू शकणार नाही, आणि म्हणून प्रत्यारोपणाची इच्छा ही चैन आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

त्याला मी सांगितले ते असे : प्रथम कामाचा आकडा, नंतर व्यायाम आणि उत्पन्नाचा आधार, प्रत्यारोपणाचा निर्णय वर्षभराने, औषधांची लेखी हमी मिळाली तरच. दात्याचा प्रश्न त्याने स्वतःच काढला. “आपल्या माणसाचे हात कापून कोण देईल?” मराठवाड्यासाठी प्रत्यारोपण समन्वय केंद्र आपल्याच शहरात आहे, मूत्रपिंडे देण्यास येथली कुटुंबे पुढे येतात, हात मात्र डोळ्यांसमोर दिसणारा अवयव. म्हणून दात्याच्या देहाला कृत्रिम हात लावून तो कुटुंबाच्या स्वाधीन करतात. जिवंत माणसाला वेळेवर न मिळालेला रबरी पंजा मृताला तत्काळ मिळतो, ही विसंगती नोंदवून पुढे जातो.

कारण मुख्य प्रश्न प्रेसचा आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, हात आत असताना प्रकाशाच्या पडद्याने ती थांबावी, ही साधने जुनी आहेत. उत्पादन वाढावे म्हणून एक बटण बांधून ठेवलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. वीज वापरणाऱ्या कारखान्यास कायदा लागू होण्याची कामगारसंख्या महाराष्ट्राने २०१५ मध्येच दहावरून वीसवर नेली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ती देशभर वीस झाली. लहान प्रेस शॉप त्यातून सुटतात. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही हात जाणे ही पहिलीच नोंद होती : कमाईची शक्ती शंभर टक्के नष्ट. त्या कायद्याच्या कोष्टकानुसार पंधरा हजारांच्या कमाल वेतनावर तीस वर्षांच्या कामगाराचा हिशेब सुमारे १८ लाख ७२ हजार रुपये होई. राज्य विम्याची नोंद असेल तर त्याऐवजी मासिक लाभ मिळतो. परंतु नाव अपघातानंतर नोंदविल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

आमच्या मित्राच्या कंत्राटदाराने ती नोंद कोणत्या तारखेस केली, हे अद्याप कळलेले नाही. एका कार्यालयात त्याला अर्जावर अंगठा उमटवा असे सांगण्यात आले. मतदानाच्या नियमांत बोटे नसणाऱ्याच्या हाताच्या उरलेल्या टोकाला शाई लावण्याची तरतूद आहे. ती आम्ही त्या कारकुनास सांगितली. तो हसला, आणि मग साहेबांना विचारून येतो म्हणाला. पुढील आठवड्यात पुन्हा जावयाचे आहे. वाळूज शाखेच्या कार्यकर्त्यांनी सोबत यावे, आणि येताना आपापल्या विभागातील प्रेस शॉपची नावे, कामगारसंख्या आणि मशिनवरील बटणांची स्थिती लिहून आणावी.