चर आणि कमानी

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडींत सांपडलेली समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ति टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत आहे. ती पाहून आलेले विद्यार्थी रोमन लोकांविषयीं विचारूं लागले, म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढें उंच कमानींवरून पाणी वाहून नेणारा पूलच उभा असतो. तें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. रोम शहरास पाणी पुरविणारा 'आक्वा मार्किया' सुमारें ९१ किलोमीटर लांब होता व त्यांतील जवळजवळ ८० किलोमीटर वाट जमिनीखालून गेलेली होती.

इंग्लंडांतील डॉर्चेस्टर या गांवीं तर रोमनांनीं टेकड्यांच्या कुशीकुशीनें, वळणें घेत, अगदीं बेताचा उतार राखून मातींत चर खणिला. आज त्यांत पाणी नाहीं. गवताळ उतारावर एक आडवी पायरी तेवढी उरली आहे. अजाण मनुष्यास ती गुरांची वाटच वाटेल! मला मात्र कमानींपेक्षां या पायरीचें अधिक कौतुक वाटतें, कारण लपवावयास तेथें दगडांची शोभा नाहीं. आहे तें केवळ उताराचें अचूक मोजमाप.

गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८४० नंतर, तेथून रेल्वे जावयाची होती व तींत पाउंडबरीची प्राचीन टेकडी कापली जाणार होती. विल्यम बार्न्स या तेथील शाळामास्तरानें मित्रांसह हरकत घेतली. १८४६ सालीं त्यांनीं वस्तुसंग्रहालय स्थापिलें आणि रेल्वे टेकडीखालून बोगद्यानें गेली. त्याच टेकडीच्या उतारावर चराची ती पायरी आजही दिसते.

आपल्याकडे काय? नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजला तळीं बांधून मनुष्य आंतून चालूं शकेल एवढ्या भुयारी नळानें पाणी पुण्यांत शनिवारवाड्यापर्यंत आणिलें. वाटेंत जागोजाग उच्छ्वास बांधिले. त्यांतील कित्येक इमारती व रस्ते यांच्या पोटांत गडप झाले. "घरांत नळ आहे, मग हे जुने दगड कशास?" असें एका पालकांनीं मला विचारिलें. पंपावांचून, केवळ उताराच्या बळावर, शहरास पाणी कसें मिळतें, हें तुमच्या मुलास पुस्तकापेक्षां तेथें लवकर समजेल, एवढेंच मी म्हणालों.

ज्यांचे मामा-काका पुण्यास आहेत, त्यांनीं सुटींत एखादा उच्छ्वास शोधावा, त्याची उंची मोजावी आणि वहींत चित्र काढून आणावें. तीं चित्रें वर्गाच्या भिंतीवर लाविण्यास मीं जागा मोकळी ठेविली आहे.