उत्पन्न न देणाऱ्या झाडांसाठी : कॉफी बोर्डाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, कॉफी बोर्ड, बेंगळुरू यांस,


बाळेहोन्नूरच्या आपल्या संशोधन केंद्रात देशोदेशींच्या कॉफीची झाडे जोपासलेली आहेत. त्यांतली बरीचशी उत्पन्नाच्या हिशेबात बसणारी नाहीत. त्यांच्यासाठीच हे पत्र.

गव्हाचे बी वाळवून शीतपेढीत वर्षानुवर्षे ठेवता येते. कॉफीच्या बीला ते सोसत नाही. तिची उगवणशक्ती लवकर ओसरते. म्हणून वाण राखायचा तर झाडच जगवावे लागते. खोडकिड्याने एखाद्या वाणाचे शेवटचे झाड पोखरले, की तो वाणही गेला.

कॉफीच्या अरेबिका या जातीत मुळातच वैविध्य थोडे. ती स्वतःच्याच परागावर फळ धरते, आणि इथिओपियातून येमेनमार्गे जे थोडे बी बाहेर पडले त्यावर जगातले बहुतेक मळे उभे राहिले. बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्याची कथा खरी मानली, तर आपल्या जुन्या बागांचे सारे गोत्र त्या सातांत आले. अशा एकसारख्या झाडांवर रोग आला की काय होते ते श्रीलंकेने पाहिले : १८६९ मध्ये तिथे पानांवरचा तांबेरा रोग दिसला आणि काही दशकांत तिथली कॉफी जवळजवळ संपली.

तांबेऱ्याला टक्कर देणारा एस-७९५ हा वाण बाळेहोन्नूरनेच दिला. त्याच्या पूर्वजांत अरेबिका आणि लायबेरिका यांचा आपसूक झालेला संकर आहे, आणि तांबेऱ्याशी झुंजणारे जनुक आले ते लायबेरिकाकडून. बाजारात फारशी मागणी नसलेली ही जात! ती कुणी निरुपयोगी ठरवून तोडली असती तर? पुढे तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी तीही ताकद मोडली. कावेरी आणि चंद्रगिरी हे वाण आले ते तिमोर बेटावरच्या अरेबिका-रोबस्टा संकराच्या बळावर. ही लढाई थांबणारी नाही, आणि पुढचे जनुक कोणत्या दुर्लक्षित झाडात आहे हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कॉफीच्या १२४ रानटी जाती तपासल्या. त्यांतल्या ६० टक्के धोक्यात आहेत. ट्रॅव्हनकोरेन्सिस आणि वाइटियाना या तर आपल्या दक्षिण भारतातल्याच.

म्हणून मागणे एवढेच. संग्रहातल्या प्रत्येक वाणाची झाडे किमान दोन वेगळ्या हवामानांत असावीत. मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते, तिथलाही विचार व्हावा. वन खात्याच्या मदतीने रानटी जातींची पाहणी करावी. आणि या झाडांच्या देखभालीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम राखून ठेवावी, जी नव्या वाणांच्या प्रसारासाठी वळवता येणार नाही.

कळावे,
आपला,
एक वाचक