झेंडे, फ्लेक्स आणि ‘परमिशनवाला’

मे महिना. वाडीत दुपारी पारा ४५ च्या आसपास, आणि संध्याकाळी अमरावती रोडवर अचानक धुळीचं वादळ. मागच्या शनिवारी अशाच वाऱ्यात टपरीवर चहा पीत उभा होतो. डोक्यावर लोखंडी सांगाडा, त्यावर फ्लॅट विकणारा हसरा हिरो, आणि फ्लेक्स असा वाजतोय की बोलणं ऐकू येईना. काकांना म्हटलं, "काका, थोडं बाजूला उभं राहू ना."

"काहून? हा परमिशनवाला आहे भाऊ. पडते ते वाढदिवसवाले."

तर आज भांडण याच वाक्याशी आहे. आणि काकांशी नाही, आपल्या सगळ्यांशी!

बाहेरच्या जाहिरातींवर चिडायचं म्हटलं की आपण चिडतो कुणावर? खांबाला सुतळीने बांधलेल्या ‘भाऊंना हार्दिक शुभेच्छा’वर. चिडावंच. विद्रूपीकरणाचा कायदा १९९५ पासून आहे, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर सविस्तर निकाल दिला, तरी भाऊ दरवर्षी जन्मतातच. पण त्या रागात आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. धंद्यातले लोक तसं करत नाहीत. त्यांच्याकडे दुकानाची पाटी वेगळी, खांबावरचा किऑस्क वेगळा, बस थांबा वेगळा, रस्त्यावर आडवी गँट्री वेगळी, एका पायावरचा युनिपोल वेगळा आणि होर्डिंग वेगळं. प्रत्येकाचा भाव वेगळा. सरकारी भाषेत मोठ्यांना ‘आकाशचिन्ह’ म्हणतात. काय शब्द आहे राव! जणू वर ग्रहतारेच टांगलेत.

मला मात्र एकच वर्गवारी कळते: पडलं तर खाली काय होईल आणि उत्तर कोण देईल.

ढोबळ हिशेब करा. ताशी १०० किलोमीटरचा वारा ४० बाय २० फुटी फलकावर समोरून आला, तर साधारण साडेतीन टन जोर बसतो. म्हणजे आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचा एक भरलेला छोटा टेम्पो हवेत आडवा ढकलतोय. फलक तिप्पट रुंद आणि तिप्पट उंच केला की जोर नऊ पट, आणि उंचीमुळे पायाला उलथवणारी ताकद त्याहूनही जास्त. घाटकोपरला १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. सतरा माणसं गेली. लिम्का बुकात त्या आकाराची विक्रम म्हणून नोंद झाली होती, म्हणजे ते लपूनछपून उभं नव्हतं. मग सुरू झालं, जागा रेल्वे पोलिसांची, परवानगी कोणाची, नियम कोणाचा... नेहमीचंच.

१७ एप्रिल २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या किवळ्यात पाच जण मेले. पावसापासून आडोसा म्हणून हायवेलगतच्या फलकाखाली थांबलेले. आपण वाडीत दुसरं काय करतो हो? पाऊस आला की मोटरसायकल त्याच सावलीत लावतो.

कुणी म्हणेल, साओ पाउलोसारखं २००७ मध्ये केलं तसं सरसकट काढून टाका. मला ते नको. नगरपरिषदेला परवान्याचे पैसे मिळतात, फ्लेक्स छापणाऱ्या पोरांचं पोट त्यावर आहे. माझी मागणी फारच किरकोळ आहे. प्रत्येक सांगाड्याच्या पायाशी, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, एक पत्र्याची पाटी: परवाना क्रमांक, मंजूर लांबी-रुंदी, मालक कोण, इंजिनीअरने पाया शेवटचा कधी तपासला. बस. आमच्या गावातून रात्रंदिवस जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागे नंबर असतो, ठोकून पळाला तर पकडता येतो. वर टांगलेल्या टनांना मात्र नंबर दिसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशी मालक नसलेली फाईल सापडली तर आम्ही ती सर्व्हरवर एक दिवस ठेवत नाही.

"फाईलमध्ये सगळं आहे" असं उत्तर मिळतं. असेल ना. पण वादळात काकांनी फाईल कुठे उघडायची?

काल पुन्हा गेलो. चहा सांगितला आणि सांगाड्याच्या चारही पायांभोवती फिरून आलो. ‘जाहिरातीसाठी संपर्क’ म्हणून मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात होता. बाकी काही नाही. एका पायाला काकांनी दुधाची किटली साखळीने बांधली होती.

"काय शोधून राहिले भाऊ?"

"नंबर."

"लिहिला आहे ना वर एवढा मोठा," काका म्हणाले.