पणजोबांची ट्रंक

राजापूरकरांनो, पणजोबा 'लढाईवर गेले होते', यापुढे आपल्याला काय ठाऊक असतं? कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, जगलेले तुर्कांच्या कैदेत गेले. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, आपल्यांचा नुसता आकडा! आता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं, कधी बापाचं नाव आणि गावही मिळतं. पण तिथे फक्त मेलेले. परत येऊन नांगर धरला त्याचा पुरावा घरच्या ट्रंकेत: डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक. जुनं घर पाडताना तेच रद्दीत जातं. ग्रामपंचायतीने हे कागद स्कॅन करून ठेवायला कितीसा खर्च येतो? मुंबईकरांनो, गणपतीला आलात की ट्रंक उघडा, पलटणीचा नंबर दिसला तर आधी फोटो काढा.